समंजस फासे

येसू नावाड्याला मगरीनं खाल्लं नाही, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

प्रसंग साधा होता. कृष्णेला पूर, होडीत मिठाची पोती, आणि वल्ह्याचं दुसरं टोक मगरीच्या जबड्यात. हेरंबनं चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "येसू काय करतो?"

"येसू वल्हं सोडून तिच्या नाकावर मिठाचं पोतं आपटतो," मी म्हणालो, "आणि आईची आठवण काढतो."

"आठवण फुकट आहे. पोत्यासाठी टाक."

मी वीस बाजूंचा फासा काळ्या थाळीत टाकला. तो गडगडला, थांबला आणि बँकेत आपला नंबर पुकारतात त्या आवाजात म्हणाला, "वीस."

माझ्या हातून वीस पडू शकतो हे सगळे विसरले होते. मीही.

आम्ही चौघं. साताऱ्यात, शाहूपुरीत, हेरंब जांभेकरच्या घरी दर रविवारी दुपारी जमायचो. चौघांनीही पासष्टी ओलांडलेली. आमची पिढी तरुणपणी असले खेळ पडद्यावर खेळली आणि म्हातारपणी टेबलावर आली. टेबलाला चार्जिंग लागत नाही आणि समोरचा माणूस अजून आहे की नाही हे लगेच कळतं.

खेळ समजायला सोपा आहे. एक सूत्रधार असतो. तुमच्यासमोर काय वाढून ठेवलंय ते तो सांगतो. तुमचं पात्र काय करतं ते तुम्ही सांगता. ते जमेलच अशी खात्री नसेल तर फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर फसलं, आणि एक आला तर असं फसलं की शत्रूनंही टोपी काढावी. मग सूत्रधार परिणाम सांगतो आणि पुन्हा विचारतो, आता काय करता? एवढंच चाक आहे. ते फिरत राहतं. संसारही याच चाकावर चालतो, फक्त तिथे सूत्रधार कोण यावर एकमत होत नाही.

आमचा सूत्रधार हेरंब. जन्मभर नगररचना खात्यात होता. तिथे आखलेले रस्ते झाले नाहीत, म्हणून निवृत्तीनंतर त्यानं बारा घाटांचा एक अख्खा मुलूख कागदावर उभा केला. त्यात गड, तांडे, ठग, देवचार सगळं आहे आणि रस्त्यांना एकही खड्डा नाही. माझी बायको मृणाल त्या मुलखात धानी नावाची तांड्याची नायकीण आहे. चौथ्या शुभदाताई.

शुभदाताईंचं थोडं सविस्तर सांगायला हवं. मुळात खेळायचा त्यांचा नवरा, अविनाश. त्याचा किल्लेदार रायाजी म्हणजे आमच्या मुलखातला सगळ्यांत जुना माणूस. अविनाश गेला, त्यानंतर महिन्याभरानं शुभदाताई एका रविवारी आल्या, त्याच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "रायाजी कुठे होता?"

हेरंब म्हणाला, "दिंडी दरवाज्यात उभा होता. पाऊस थांबायची वाट बघत."

"मग पुढे सांगा."

तेव्हापासून रायाजी त्यांचा. दोन वर्षांत त्याच्या अंगावर ओरखडाही उठला नाही. दर मोठ्या आकड्याला शुभदाताई शेजारच्या भिंतीकडे बघून मान डोलवायच्या. "माझं काही नाही हो यात. त्यांचाच हात आहे," म्हणायच्या.

माझी गोष्ट उलटी. त्याच दोन वर्षांत मी एक वैदू, एक बहुरूपी, एक घड्याळजी आणि एक अत्यंत सज्जन दरोडेखोर गमावला. आमच्याकडे एक रीत आहे: ज्याचं पात्र मेलं त्यानं पुढच्या रविवारी सगळ्यांना तेराव्याचं जेवायला घालायचं. वैदूच्या वेळी मी पुरणपोळ्या केल्या, बहुरूप्याला मिसळ, घड्याळजीला श्रीखंड, आणि दरोडेखोराला त्याच्या इभ्रतीला शोभेल असं मटण. "उन्मेषची माणसं चविष्ट मरतात," असं हेरंब ढेकर देऊन म्हणायचा. मीही हसायचो. घड्याळजी गेला त्या रात्री मला झोप लागली नव्हती, हे मी कुणाला सांगितलं नाही. साठीनंतर कागदावरच्या घड्याळजीसाठी जागा राहिलात असं सांगितलं तर लोक डॉक्टर बदलायला सुचवतात.

तर, येसू मगरीतून वाचला. पुढच्या रविवारी तो ठगांतून वाचला, त्याच्या पुढच्या रविवारी भोवऱ्यातून. धानीचे मात्र तीन बैल दरीत गेले आणि चौथा लंगडायला लागला. रायाजीलाही पहिल्यांदाच बाण लागला आणि येसूनं त्याला होडीत घेतलं.

त्या तिसऱ्या रविवारी घरी निघालो. पोवई नाक्याजवळ आम्ही उसाचा रस प्यायला थांबलो. अर्धा पेला झाल्यावर ती म्हणाली, "तुझी नाडीची गोळी बदलली का?"

बदलली होती. जुन्या गोळीनं नाडी फारच मंद व्हायला लागली, उठताना अंधारी यायची, म्हणून डॉक्टरांनी दुसरी दिली होती. पण त्या दिवशी तपासणीला मी एकटाच गेलो होतो आणि गोळ्यांची डबी मी माझी भरतो. हिला सांगायचं राहून गेलं होतं.

"तुला कसं कळलं?"

"असंच विचारलं."

मृणालनं जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं. 'असंच' हा शब्द तिच्या तोंडी शोभत नाही. मी काही न बोलता रस पीत राहिलो. गप्प बसलेल्या माणसापुढे शिक्षकाला फार वेळ गप्प बसता येत नाही.

"ते फासे," ती म्हणाली, "नुसते बोलणारे नाहीत."

दोन वर्षांपूर्वी मी हृदयात स्टेंट घालून घेण्यासाठी आठवडाभर हॉस्पिटलात होतो. परत आलो तर टेबलावर नवी थाळी आणि नवे फासे. आपल्याला आता बारीक आकडे दिसत नाहीत, हे फासे आकडा बोलतात, असं मला सांगण्यात आलं होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरचा मिक्सरही बोलतो.

मृणालनं तळाशी थोडा रस राहिलेला पेला तिरका धरला. "हे बघ. रस या बाजूला आला की पेल्याचं वजन या बाजूला. सोडला तर इकडेच कलंडेल. फाशाच्या पोटात असाच पातळ धातूचा एक थेंब आहे, बारीक नळ्यांच्या जाळ्यात. थाळी त्याला विजेनं ढकलते. पहिल्या कोलांट्या खऱ्याच असतात. शेवटच्या दोन कोलांट्यांत थेंब सरकतो आणि थाळीला हवी ती बाजू वर येते."

"म्हणजे लबाडीचा फासा."

"नाही. तिथेच तर त्यांची हुशारी आहे. सगळ्यांनाच मोठे आकडे पडायला लागले तर कुणालाही वास येईल, आणि खेळाची गंमतही जाईल. म्हणून बेरीज प्रामाणिक ठेवायची. दुपारभरात जितके एक पडायला हवेत तितकेच पडतात, जितके वीस तितकेच वीस. फक्त कुणाला कधी, ते थाळी ठरवते. फासा मुठीत असताना तो नाडी मोजतो. जिचं काळीज जास्त धडधडतं तिला सांभाळून घेतो. ज्याला फरक पडत नाही त्याच्याकडे उरलेलं पाठवतो. टेबल टिकावं म्हणून."

"एकूण दुर्दैव तेवढंच. वाटप समजूतदार."

"हो."

"आणि मला फरक पडत नाही."

"तुझी गोळी नाडीला लगाम घालणारी होती," मृणाल म्हणाली. "काहीही झालं तरी तुझा ठोका साठाच्या वर जायचा नाही. यंत्राला वाटलं, हा माणूस थंड आहे."

इथपर्यंत मला खरं तर मौज वाटली. यंत्रानं गैरसमज करून घेणं ही नवी गोष्ट नाही. मी म्हणालो, "मग कंपनीला कळवायला हवं होतं. गोळ्या घेणारे म्हातारे गिऱ्हाइकांत असणारच."

मृणालनं पेला खाली ठेवला. "त्यांनी विचारलं होतं."

"काय?"

"थाळी बसवताना फोनवर एक मुलगी होती. म्हणाली, नाडी मंद करणारी गोळी तुमच्यात कुणी घेतं का? असेल तर सांगा, तेवढी दुरुस्ती करून देते. नाहीतर सगळी पडझड त्यांच्याच वाट्याला जाईल." ती थांबली. "हेरंबनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, राहू दे."

रसवाल्याच्या चरकाची घुंगरं वाजत होती. मी ती ऐकली.

"तू हॉस्पिटलात होतास," मृणाल म्हणाली. "स्टेंट घालून दुसऱ्याच दिवशी तू नर्सला सांगत होतास की आता मी गेलो तर भंगारवाला तरी दोन पैसे देईल. तुला खरंच कशाचं काही वाटत नाही, उन्मेष. मी कौतुकानं म्हणतेय. शुभदाताईंचं तसं नव्हतं. रायाजी मेला असता तर त्यांनी अविनाशला दुसऱ्यांदा पोचवला असता. कुणाला तरी पडायला लागणारच होतं."

"चार तेरावी झाली माझ्याकडे."

"हो."

"मटण तू दोनदा घेतलंस."

"चांगलं झालं होतं," ती म्हणाली. मृणाल खोटं बोलत नाही. फक्त कधी कधी बोलत नाही.

घरी आल्यावर मी खुर्चीत बसलो आणि मला मार्च महिना आठवला.

मार्चमध्ये डॉ. खामकरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की माझ्या हृदयाची एक झडप आखडलीय, बदलावी लागेल. वर्षाच्या आत केलेली बरी, नंतर धोका वाढत जातो. ऑपरेशन मोठं आहे, पण विसातले एकोणीस जण ठणठणीत घरी जातात.

मी म्हणालो, "मॅडम, माझा आणि त्या विसाव्याचा जुना घरोबा आहे. तो मला सोडायचा नाही. राहू दे."

डॉक्टर खळखळून हसल्या आणि विचार करा म्हणाल्या. मी गंमत करत नव्हतो. माझा हा जन्माचा आजार आहे: चेहरा न हलवता बोलतो, त्यामुळे मी खरं सांगितलं की लोक हसतात आणि गंमत केली की घाबरतात. विसात एक वाईट आकडा, आणि तो एकच आकडा दोन वर्षं दर रविवारी माझ्या हातातून पडत होता. फाशाला स्मरण नसतं, मागच्या डावाचा पुढच्याशी संबंध नसतो, हे मला कळत होतं. मृणालनंच शिकवलं होतं. पण हाताला ते पटत नव्हतं. हाताला एवढंच माहीत होतं की ज्यात विसावा हिस्सा माती आहे ती माती मला मिळते.

आणि या फाशाला स्मरण होतं. डॉक्टरांच्या त्या खोलीत हे एकाच माणसाला माहीत होतं.

मृणाल कूकर लावत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

"मी खामकरांना नाही म्हणालो, तेव्हा तू पर्समध्ये काय शोधत होतीस?"

तिचा हात झाकणावर राहिला. "काही नाही."

"बराच वेळ शोधत होतीस."

"मला वाटलं, तू नेहमीसारखी गंमत करतोयस."

"खरंच वाटलं?"

तिनं कूकरची शिटी बसवली, काढली, पुन्हा बसवली. "नाही," ती म्हणाली. "कळलं होतं मला. तिथेच सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर तू रविवारी तिथे काहीतरी बोलला असतास, आणि शुभदाताईंना सगळं समजलं असतं. म्हटलं, त्या जरा सावरू देत, मग सांगू. मग दिवस गेले."

"झडप माझी होती, मृणाल."

"हो."

"माझी गोळी बदलली नसती तर?"

यावर तिनं गॅस बारीक केला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली आहेत की तिचं कुठलं काम हे उत्तर असतं ते मला कळतं. हे उत्तर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेरंबकडे गेलो. त्यानं दार उघडलं, माझं तोंड पाहिलं आणि न विचारता चहा टाकला.

"कळलं का," तो म्हणाला.

"कळलं."

"अरे, तुझ्यावर कुणाचा राग नव्हता. आपल्या सगळ्यांत सोसणारा तूच."

"सोसत नव्हतो. मला माहीतच नव्हतं. न सांगता पाठीवर गोणी ठेवली तर त्याला हमाली म्हणतात का?"

हेरंबनं बिस्किटांचा डबा पुढे केला. अपराधी माणूस आधी खायला देतो, हे मी त्याच्याकडूनच शिकलो. "आजच फोन करतो त्या लोकांना. दुरुस्ती टाकून घेऊ."

"मग माझ्या वाटचं कुणाकडे जाईल?"

"वाटलं जाईल."

"कुणात?"

तो विचार करायला लागला. मृणालचे बैल आधीच दरीत होते. उरल्या शुभदाताई. त्यानं डबा मिटला.

"तिला मात्र सांगू नकोस, उन्मेष. ती अजून भिंतीकडे बघते रे."

"तुम्हाला तिला न दुखवण्याची एवढी कळकळ होती," मी म्हणालो, "तर फासे सोडून द्यायचे होते. तू सूत्रधार आहेस. रायाजी मरत नाही, एवढं तू नुसतं म्हणालास तरी चाललं असतं."

"मग तिला कळलं असतं की आपण दया करतोय."

"हो. आणि मी मेलो की तुम्हाला जेवण मिळत होतं."

तो हसला. मग माझ्याकडे बघून थांबला. चहा तसाच ठेवून मी निघालो.

रविवारी मी जाणार नव्हतो. पण शुभदाताईंचा फोन आला. "उन्मेषराव, रायाजी तुमच्या होडीत आहे, विसरू नका. पोटात बाण लागलाय त्याच्या. तुमच्या येसूवर भरवसा ठेवून झोपलाय तो." त्यांना काय सांगणार? गेलो.

होडी धबधब्याच्या तोंडाशी आली होती. हेरंब नेहमीपेक्षा हळू बोलत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. पाण्याचा आवाज, धुकं, खाली काळा दगड, मागच्या बाजूला जखमी रायाजी आणि धानी. "येसू काय करतो?" त्यानं थाळीला विचारलं.

"होडी डाव्या खडकाच्या आडोशाला घेतो."

"अवघड आहे. टाक."

मी फासा उचलला. नव्या गोळीनं नाडी मोकळी झाली होती. छातीत असं वाजत होतं की शेजारी ऐकू जावं. मला माहीत होतं, आता हा फासा मला सांभाळून घेणार. मोठा आकडा देणार. मला तो नको होता.

"मृणाल टाकेल माझ्यासाठी," मी म्हणालो, आणि फासा तिच्यापुढे धरला.

"असं चालतं?" हेरंब म्हणाला.

"चालतं की," शुभदाताई म्हणाल्या. "हे आजारी होते तेव्हा त्यांचा फासा मीच टाकायचे."

मृणालनं फासा घेतला. मूठ मिटली, आणि मिटल्यावर तिला समजलं. ते मी बघितलं. शिकवताना एखाद्या मुलाचा प्रश्न ऐकून ती अशीच थांबायची. फासा आता माझं काळीज मोजणार नव्हता. माझी होडी बुडायला आली असताना तिचं काळीज किती धावतं, एवढंच मोजणार होता, आणि बँकेतल्या आवाजात सगळ्यांना सांगणार होता.

पंखा फिरत होता. हेरंबनं चष्मा काढून पुसायला घेतला.

"टाक गं," शुभदाताई म्हणाल्या. "बुडतोय तो."

मृणालनं मूठ उघडली आणि फाशाकडे नाही, तळहाताकडे पाहिलं. मग तिनं फासा थाळीच्या बाहेर, टेबलावर अलगद ठेवला.

"मी नाही टाकत," ती म्हणाली.

शुभदाताई हसल्या. "घाबरलीस होय? कागदावरच्या माणसात एवढा जीव गुंतवू नये बाई. हे मी सांगतेय म्हणजे बघ."

मी सांगून टाकायचं ठरवलं. "गुरुवारी पुण्याला भरती होतोय. झडप बदलून घेतो. खामकरांशी बोललोय."

"बरं झालं बाई. मी म्हणणारच होते," शुभदाताई म्हणाल्या. "मृणाल, किती दिवस राहायला लागेल गं तुला तिथे?"

मृणालनं माझ्याकडे बघितलं. हे तिला आत्ता कळत होतं.

"कोल्हापूरहून ताई येतेय," मी म्हणालो. "ती थांबेल."

शुभदाताईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि शहाण्या बाईसारखा विषय सोडून दिला. त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "बरं, मग रायाजी उठतो," त्या म्हणाल्या. "बाण तसाच राहू दे पोटात. वल्हं तो घेतो."

त्यांनी फाशासाठी हात पुढे केला. पण फासा टेबलावर नव्हता. मृणालनं तो पुन्हा मुठीत घेतला होता आणि ती मूठ तिनं टेबलाखाली मांडीवर धरली होती, घट्ट, बोटांची पेरं पांढरी पडेपर्यंत. शुभदाताईंचा हात तसाच पुढे होता. मृणालला तो फासा द्यायला बराच वेळ लागला.